जिओडेसीचा पेपर कुठल्या जर्नलला टाकायचा? पहिल्यापासून सबमिट बटणापर्यंत

जिओडेसीत, म्हणजे पृथ्वीचा आकार, गुरुत्व आणि जमिनीची हालचाल मोजण्याच्या शास्त्रात, काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा क्रमच उलटा असतो. आधी फील्डवर्क, मग प्रोसेसिंग, मग अख्खा पेपर लिहून काढायचा आणि सगळं झाल्यावर गाईड विचारतात कुठे टाकतोयस, की मग इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्याची) यादी उघडायची आणि वरून खाली एकेक जर्नल ट्राय करत बसायचं. प्रत्येक ठिकाणी फॉरमॅट बदला, वाट बघा, "आमच्या स्कोपमध्ये बसत नाही" असं दोन ओळींचं उत्तर घ्या आणि परत तेच. काम चांगलं असूनही वर्ष निघून जातं. नाशिकमध्ये सिव्हिल, जिऑलॉजी, जिओग्राफी अशा वेगवेगळ्या विभागांतून मुलं या विषयाकडे येतात, आजूबाजूला जिओडेसीचं माणूस सहज भेटत नाही, त्यामुळे हे जास्तच होतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय, कारण इथे क्रमच महत्त्वाचा आहे.

जर्नल ठरवायची वेळ म्हणजे निकाल हातात आलेत पण लिहायला सुरुवात व्हायचीये, ती.

१. आधी पेपरचा दावा एका वाक्यात लिहा

एक उदाहरण घेऊ म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर बोलता येईल. समजा गंगापूर धरणावर, म्हणजे मातीच्या धरणावर, तुम्ही माथ्यावर जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा मोजायची पद्धत) पॉइंट घेऊन काही सीझन मोजणी केलीये आणि सोबत सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या इमेजेसवरून इन्सारही (वेगवेगळ्या वेळच्या रडार इमेजेस ताडून जमिनीची हालचाल) काढलाय. डेटा एकच आहे पण यातून निदान तीन वेगळे पेपर निघू शकतात.

पहिला दावा: जलाशयाची पातळी वरखाली होते तसा धरणाचा माथा किती आणि कुठे हलतो हे आम्ही मोजलं. दुसरा: जीएनएसएस आणि इन्सार एकत्र करताना कुणाला किती वजन द्यायचं याची नवी रीत आम्ही काढली, धरण ही फक्त चाचणीची जागा. तिसरा: पाण्याच्या वजनामुळे खालचा बेसाल्ट किती दबतो आणि त्यावरून खडकाच्या लवचिकतेबद्दल काय कळतं.

पहिला पेपर मोजमापाच्या उपयोगाचा आहे, दुसरा पद्धतीचा, तिसरा पृथ्वीबद्दलचा. तिघांचे वाचक वेगळे, रिव्ह्यूअर वेगळे आणि अर्थातच जर्नलही वेगळी. तिन्ही गोष्टी एकाच पेपरमध्ये कोंबल्या की तो कुठेच नीट बसत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या रिजेक्शनचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, इंग्रजी कच्चं असणं नाही.

तपासा: तुमच्या वाक्यातून "नाशिक" हा शब्द काढून टाका. उरलेल्या वाक्यात दुसऱ्या देशातल्या माणसाला काही नवीन कळतंय का? कळत असेल तर आंतरराष्ट्रीय जर्नलचा विचार करा. नसेल तर ते काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही, पण त्याचा वाचक भारतात आहे आणि जर्नलही तसंच निवडायला हवं.

इथेच अजून एक गोष्ट बघून घ्या, की तुमचा डेटा तो दावा पेलू शकतो का. पृथ्वीचं गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या डेटावरून "नाशिक जिल्ह्यातलं भूजल" असे विषय लोक सर्रास घेतात. ग्रेसचं रिझोल्युशन साधारण ३०० किलोमीटरचं आणि नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चौकोन धरला तर बाजू जेमतेम सव्वाशे किलोमीटर. निफाडमध्ये काय चाललंय आणि सुरगाण्यात काय हे त्यातून वेगळं दिसणारच नाही, आणि हे ज्याला माहितीये असा रिव्ह्यूअर पहिल्याच वाचनात पेपर परत पाठवतो. अशा वेळी जर्नल बदलून काही होत नाही, प्रश्नच मोठा करावा लागतो, म्हणजे जिल्हा सोडून गोदावरीचं खोरं किंवा अख्खं दख्खनचं पठार घ्यावं लागतं.

२. घरचे नियम लेखी घ्या

जर्नल कुठलंही निवडा, ते तुमच्या रिसर्च सेंटरला चालणार आहे का हे आधी कळायला हवं. इथे ऐकीव माहितीवर खूप जण जातात.

यूजीसी केअर लिस्ट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलची यादी, आता चालू नाही. यूजीसीने ती बंद केल्याचं २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं आणि जर्नल कसं पारखायचं याचे निकष देऊन जबाबदारी संस्थांवर टाकली. तरी अजून "केअरमध्ये आहे का" हा प्रश्न विचारला जातो आणि जुन्या पीडीएफ फिरत असतात, त्यांच्यावर विसंबू नका. दुसरं म्हणजे यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत थिसिस देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठ किंवा तुमचं सेंटर स्वतःची अट ठेवू शकतं. नाशिकची बरीचशी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तेव्हा विद्यापीठाचं सध्याचं परिपत्रक आणि तुमच्या सेंटरचा नियम, दोन्ही बघा.

सेंटरला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: जर्नलच्या डेटाबेसपैकी स्कोपस चालतं की वेब ऑफ सायन्सच लागतं, क्वार्टाइलची (विषयाच्या क्रमवारीत जर्नल कितव्या चतुर्थांशात, क्यू-वन म्हणजे सगळ्यात वरचा) अट आहे का, आणि पेपर स्वीकारला गेला एवढं पुरतं की छापून यायला हवा. तोंडी "चालेल रे" नको, उत्तर मेलवर घ्या. प्रमोशनसाठी पेपर करणाऱ्या सर-मॅडमनी तर नक्कीच, कारण कमिटी बदलली की तोंडी शब्द राहत नाही.

३. डेटा आणि नकाशा: हे आधी, नंतर नाही

ही पायरी जवळपास सगळेच वगळतात आणि मग पेपर स्वीकारण्याच्या टप्प्यावर अडकतो. आजकाल बहुतेक जर्नल डेटा कुठे मिळेल हे लिहून मागतात. काही नुसत्या वाक्यावर भागवतात, पण अमेरिकन जिओफिजिकल युनियनची जर्नल डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे सार्वजनिक ऑनलाइन साठ्यात, टाकायला लावतात आणि "लेखकाकडे मागितल्यास मिळेल" हे उत्तर चालवून घेत नाहीत.

आता आपल्याकडचे नियम बघा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या भूस्थानिक डेटाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अचूकतेच्या काही मर्यादा ठरलेल्या आहेत: आडव्या दिशेत १ मीटर, उंचीत ३ मीटर, ग्रॅव्हिटी अॅनोमलीसाठी (मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातला फरक) १ मिलिगल. याहून बारीक डेटा भारतीय संस्था तयार करू शकतात, पण तो साठवायचा आणि प्रोसेस करायचा तो भारतातल्याच सर्व्हरवर. जिओडेसीचा जवळपास सगळाच फील्ड डेटा या मर्यादेपेक्षा बारीक असतो, जीएनएसएसचे मिलिमीटरमधले कोऑर्डिनेट्स काय किंवा ग्रॅव्हिमीटरची रीडिंग काय. म्हणजे परदेशातल्या रिपॉझिटरीत सरळ अपलोड करण्याआधी संस्थेकडून स्पष्टता घ्यायला हवी, आणि रॉ डेटा उघडा करायलाच लावणारं जर्नल असेल तर ते यादीत ठेवायचं का हे आत्ताच ठरवायला हवं. सेंटिनेलसारखा मुळातच सगळ्यांना खुला असलेला डेटा वापरला असेल तर ही अडचण येत नाही.

धरणाचा, कालव्याचा, सरकारी वेधशाळेचा डेटा असेल तर ज्यांचा डेटा त्यांची लेखी परवानगी. जलसंपदा खातं असो नाहीतर दिंडोरी रोडवरची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था), डेटा अभ्यासाला मिळाला म्हणजे छापायलाही मिळाला असं होत नाही. परवानगीच्या अर्जात "शोधनिबंधात आकडे आणि आलेख प्रसिद्ध करण्यासाठी" हे शब्द घाला.

थांबा: पेपरमध्ये भारताचा नकाशा आहे का? कोपऱ्यातला छोटा इनसेट सुद्धा धरून सांगतोय. सॉफ्टवेअरमध्ये तयार येणाऱ्या सीमारेषा बऱ्याचदा सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमेशी जुळत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचा सीमा डेटाच वापरा. आणि इनसेटमध्ये देशाची सीमा दाखवायची खरंच गरज नसेल तर महाराष्ट्राची बाह्यरेषा आणि अक्षांश-रेखांश पुरेसे आहेत.

४. यादी स्वतःच्या संदर्भांतून काढा

प्रकाशकांच्या साइटवर अॅबस्ट्रॅक्ट टाकून जर्नल सुचवणारी टूल्स असतात. वापरा, पण प्रत्येक प्रकाशक तुम्हाला स्वतःचीच जर्नल दाखवतो हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा चांगली यादी तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे. पेपरसाठी तुम्ही जे संदर्भ वाचलेत, त्यातले गेल्या पाचेक वर्षांतले वेगळे काढा आणि कुठलं जर्नल किती वेळा येतं ते मोजा. जे जर्नल वारंवार येतं तिथले संपादक आणि रिव्ह्यूअर तुमच्या प्रश्नावर आधीपासून बोलतायत. ज्या जर्नलमधला एकही पेपर तुमच्या संदर्भांत नाही तिथे पाठवण्यात अर्थ नाही, संपादकाला ते लगेच दिसतं.

आता वरच्या तीन दाव्यांवर परत येऊ.

पद्धतीचा पेपर असेल तर जर्नल ऑफ जिओडेसी. हे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ जिओडेसीचं अधिकृत जर्नल, स्प्रिंगर छापतं. इथे थिअरी आणि पद्धतीवर भर आहे. तयार सॉफ्टवेअरमधून डेटा काढला आणि निकाल दिले, असा पेपर इथे टाकून वेळ घालवू नका. पद्धत निव्वळ जीएनएसएसची असेल, म्हणजे अॅम्बिग्विटी, पीपीपी, आयनोस्फिअर, रिसीव्हर वगैरे, तर जीपीएस सोल्युशन्स जास्त जवळचं.

मोजमापाच्या उपयोगाचा पेपर, म्हणजे आपलं धरण, पूल, दरड, कंट्रोल नेटवर्क, असेल तर जर्नल ऑफ अप्लाइड जिओडेसी, सर्व्हे रिव्ह्यू, अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचं जर्नल ऑफ सर्व्हेइंग इंजिनिअरिंग, किंवा अप्लाइड जिओमॅटिक्स. सिव्हिलच्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथला वाचक तुमची मोजणी कशी झाली हे मनापासून वाचतो, आणि तुमची खरी ताकद तिथेच असते.

पृथ्वीबद्दलचा दावा असेल तर जिओफिजिकल जर्नल इंटरनॅशनल, जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्चचा सॉलिड अर्थ विभाग, अर्थ प्लॅनेट्स अँड स्पेस, स्टुडिया जिओफिजिका एट जिओडेटिका, जिओडेसी अँड जिओडायनॅमिक्स. पहिल्या दोन ठिकाणी नुसतं मोजून भागत नाही, मॉडेल लागतं आणि त्याचा भौतिक अर्थही सांगावा लागतो.

वाचक भारतातला असेल तर इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ अर्थ सिस्टम सायन्स, बेंगळुरूहून निघणारं करंट सायन्स, इन्सार किंवा रिमोट सेन्सिंगचा भाग मोठा असेल तर जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग, आणि इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्सचं जर्नल ऑफ जिओमॅटिक्स. पेठ, कळवण भागातल्या छोट्या धक्क्यांबद्दलचं काम असेल तर माझ्या मते भारतीय जर्नलमध्येच ते योग्य माणसांपर्यंत पोचतं.

यादीत तीनच नावं ठेवा: एक जरा उंच, एक नेमकं बसणारं, एक सुरक्षित. तिन्ही एकाच गटातली असली पाहिजेत, नाहीतर एका रिजेक्शननंतर पेपर पुन्हा मुळापासून लिहावा लागेल.

५. खरं की खोटं

प्रत्येक नावाची पडताळणी मूळ ठिकाणी करा. जर्नलच्या वेबसाइटवर "स्कोपस इंडेक्स्ड" असा बिल्ला लावलाय त्याला काही किंमत नाही.

स्कोपसच्या सोर्सेस पानावर आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून बघा, हे लॉगिनशिवाय होतं. तिथे जर्नलची वर्षं दिलेली असतात, शेवटचं वर्ष जुनं असेल तर जर्नल बाहेर काढलेलं असू शकतं, ते नीट वाचा. वेब ऑफ सायन्ससाठी ते चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची मास्टर जर्नल लिस्ट, तीही फुकट. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे क्लॅरिव्हेटचाच, बाकी "ग्लोबल", "युनिव्हर्सल", "सायंटिफिक" असे शब्द लावून जे आकडे येतात ते सोडून द्या. ओपन अॅक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजे या अशा जर्नलच्या यादीत शोधा. आयएसएसएन किंवा डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) आहे एवढ्यावरून दर्जा कळत नाही, दोन्ही कुणालाही मिळतात.

खऱ्या जर्नलच्या नावाने खोटी वेबसाइट काढायचेही प्रकार होतात. त्यामुळे वेबसाइटला गुगलवरून जाऊ नका, स्कोपसच्या किंवा प्रकाशकाच्या पानावरून जा. रिट्रॅक्शन वॉचने अशा खोट्या जर्नलची यादी ठेवलीये, ती एकदा चाळा. आणि "आपला मौल्यवान शोधनिबंध पाच दिवसांत प्रकाशित करू" असा मेल आला तर उत्तरही देऊ नका.

क्वार्टाइलबद्दल एक गोंधळ कायम होतो. सायमॅगोचा (स्कोपसच्या डेटावरून क्रमवारी लावणारी साइट) क्यू-वन आणि क्लॅरिव्हेटचा क्यू-वन हे वेगळे आहेत, एकाच जर्नलचं दोन ठिकाणी वेगळं येऊ शकतं. त्यात जिओडेसी नावाची वेगळी कॅटेगरी क्लॅरिव्हेटकडे नाही, जर्नल ऑफ जिओडेसी सुद्धा जिओकेमिस्ट्री-जिओफिजिक्स आणि रिमोट सेन्सिंगमध्ये मोजलं जातं. म्हणून आपल्या विषयातल्या चांगल्या जर्नलचे आकडे इतर विषयांच्या मानाने लहान दिसतात, ते बघून घाबरायचं कारण नाही. सेंटरने कुठला क्वार्टाइल मागितलाय ते पायरी दोनच्या मेलमध्ये आहेच, जर्नलचा क्वार्टाइल दाखवणाऱ्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण दरवर्षी आकडे बदलतात.

६. पैसे

हायब्रिड, म्हणजे सबस्क्रिप्शन आणि ओपन अॅक्सेस दोन्ही असलेल्या, जर्नलमध्ये सबस्क्रिप्शनचा मार्ग निवडला तर साधारणपणे छापायला पैसे लागत नाहीत. जर्नल ऑफ जिओडेसी, जीपीएस सोल्युशन्स, सर्व्हे रिव्ह्यू ही सगळी हायब्रिड आहेत. पेपर स्वीकारल्यावर जो फॉर्म येतो त्यात ओपन अॅक्सेसचा पर्याय ठळक दाखवतात, तिथे घाईत क्लिक करू नका. पूर्ण ओपन अॅक्सेस जर्नलमध्ये बहुतेक वेळा एपीसी, म्हणजे लेखकाने द्यायची छपाईची फी, भरावी लागते, आणि जिओफिजिकल जर्नल इंटरनॅशनल २०२४ पासून पूर्ण ओपन अॅक्सेस झालंय हे जुन्या सीनियरना माहिती नसतं, ते अजून "तिथे फुकट आहे" सांगतात.

फी माफीचा अर्ज सबमिट करतानाच करायचा असतो, स्वीकारल्यावर सहसा ऐकत नाहीत. भारतातून आहोत म्हणून माफी आपोआप मिळेल असं धरू नका.

केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे २०२५ पासून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल वाचायला मिळतायत. पण वाचायला मिळणं वेगळं आणि एपीसी भरली जाणं वेगळं, हे दोन्ही एक समजू नका. खासगी कॉलेजवाल्यांनी आपलं कॉलेज यात येतं का हे लायब्ररीत विचारा.

७. गेल्या दोन वर्षांचे अंक वाचा

"किती दिवसांत निकाल लागतो" हे सीनियरला विचारण्यापेक्षा जर्नललाच विचारा. पेपरच्या पहिल्या पानावर किंवा शेवटी मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख असते. तुमच्या विषयाला जवळचे दहाएक पेपर काढा, दोन्ही तारखांमधलं अंतर लिहा, आणि मधला आकडा धरा, सगळ्यात कमी असलेला धरू नका. थिसिसची तारीख त्याच्या आत बसत नसेल तर ते जर्नल कितीही चांगलं असो, या वेळी नाही.

वाचताना हेही बघा: सध्याच्या संपादक मंडळात तुमच्या उपविषयाचा कुणी आहे का, पेपर किती लांब असतात, स्थानिक केस स्टडी घेतात का आणि घेतल्या तर त्यांनी शेवटी काय सिद्ध केलंय.

८. रिव्ह्यूअर अडवतो त्या जागा

जर्नल ठरलं की लिहा, आणि पाठवण्याआधी एवढं बघा.

रेफरन्स फ्रेम (कोऑर्डिनेट्स कुठल्या चौकटीत आहेत) आणि इपॉक (ते कुठल्या तारखेचे आहेत) लिहिलंय का? नुसतं "डब्ल्यूजीएस ८४" लिहिणं म्हणजे अर्धवट उत्तर. भारतीय प्लेट आयटीआरएफ या आंतरराष्ट्रीय चौकटीत वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या कोऑर्डिनेट्समध्ये अर्धा मीटरचा फरक, आणि तुम्ही मिलिमीटरबद्दल बोलताय. आयटीआरएफ २०२० असेल तर तसं, आणि इपॉक कुठला तेही.

उंची एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीचा गणिती आकार) की समुद्रसपाटीपासूनची? जिऑइड (गुरुत्वावरून ठरणारी समुद्रसपाटी) मॉडेल कुठलं? प्रत्येक तक्त्याच्या मथळ्यात लिहा.

वेग दिला असेल तर त्याची एरर कशी काढली? फक्त व्हाईट नॉइज (प्रत्येक मोजणीची चूक स्वतंत्र) धरला तर एरर खऱ्यापेक्षा कित्येक पट लहान येते, टाइम सिरीजमधला फ्लिकर नॉइज (काळानुसार एकमेकींशी जोडलेल्या चुका) धरावा लागतो. जिओडेसीच्या जर्नलमध्ये हा प्रश्न येतोच, सिव्हिलच्या जर्नलमध्ये कदाचित येणार नाही, तरी करा.

इन्सारमध्ये मिळतं ते उपग्रहाच्या नजरेच्या दिशेतलं हलणं. ते उभं खचणं म्हणून दाखवलं असेल तर आडवी हालचाल शून्य धरलीये हे स्पष्ट लिहा, आणि धरण उताराला सरकत असेल तर हे गृहीतक टिकतं का तेही.

९. सबमिट, आणि त्यानंतर

एका वेळी एकाच जर्नलला. दोन ठिकाणी टाकून "जिथे आधी लागेल तिथे" हा प्रकार दोन्हीकडून बाहेर काढतो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे: पायरी एकमधलं वाक्य, त्या जर्नलच्या कुठल्या अलीकडच्या पेपरशी तुमचं काम जोडलेलं आहे, आणि डेटाची परवानगी. रिव्ह्यूअर सुचवायला सांगतात तेव्हा तुमच्या संदर्भांतल्या लेखकांची नावं द्या, संस्थेच्या ईमेलसकट, गाईडचे मित्र नकोत. लेखकांची यादी आणि क्रम आधीच ठरवा, सबमिट केल्यावर नाव वाढवायला गेलात की संपादक स्पष्टीकरण मागतो.

डेस्क रिजेक्ट, म्हणजे रिव्ह्यूअरकडे न पाठवताच संपादकाचा नकार, आला तर तोच पेपर त्याच रात्री दुसरीकडे टाकू नका. कारण "स्कोप" असेल तर यादीतलं पुढचं नाव, प्रस्तावना आणि कव्हर लेटर बदलून. कारण "नावीन्य कमी" असेल तर पायरी एकवर परत जा, कारण तेच उत्तर पुढेही येणार आहे. रिव्ह्यू होऊन रिजेक्ट झाला असेल तर रिव्ह्यूअरचे मुद्दे दुरुस्त केल्याशिवाय पाठवू नका. जिओडेसीचं जग लहान आहे, दुसऱ्या जर्नलमध्येही तोच माणूस रिव्ह्यूअर म्हणून येऊ शकतो आणि त्याला आपलेच जुने मुद्दे जसेच्या तसे दिसले तर तो पुढे वाचत नाही.

रिजेक्शनच्या मेलमध्ये कधीकधी प्रकाशक दुसऱ्या जर्नलला ट्रान्सफर करायचा पर्याय देतो. ते जर्नल बऱ्याचदा पूर्ण ओपन अॅक्सेस असतं. पायऱ्या दोन, पाच आणि सहा त्याच्यासाठी नव्याने करा, मगच होकार द्या.